दुसऱ्यांदा विचारायचं नाही

आमच्या कोनोंगो गावात असियामा मास्टरला ओळखत नाही असा माणूस एक तर नुकताच गाडीतून उतरलेला असायचा, नाही तर आंधळा. गावात वाचण्यासारखं जे काही होतं ते त्यानेच लिहिलेलं. न्हाव्याच्या पाटीवरची तऱ्हेतऱ्हेचे केस कापलेली डोकी त्याची, कोंबडीवालीच्या टपरीवरचा माजलेला कोंबडा त्याचा, आणि कुमासी शहराकडे जाणाऱ्या ट्रोट्रो, म्हणजे वडापच्या गाड्यांच्या पाठीवर ‘देव बघतोय’, ‘सासूबाई, जरा सबुरीनं’ असं जे लिहिलेलं असायचं तेही त्याचंच. ओळीतल्या शेवटच्या अक्षराला तो बारीकशी शेपटी काढायचा. सही कधी केली नाही. “माझी शेपटी पुरे,” म्हणायचा. माणूस गुणी, यात वाद नाही. पण गुर्मी! अहो, गावप्रमुखाने फाटकावरचा सिंह जरा मोठा काढ म्हटलं, तर हा म्हणतो कसा, “नाना, सिंह मी काढतो, राज्य तुम्ही करा.” प्रमुख हसला म्हणून निभावलं.

बसस्टँडमागे त्याची पत्र्याची शेड होती. तिथे शिकायला येणाऱ्याला पहिल्याच दिवशी एक गोष्ट ऐकवली जायची. “मी एकदा दाखवीन. डोळे उघडे ठेवून बघ. दुसऱ्यांदा विचारायचं नाही.” पोरं घाबरून असायची. न समजताच माना डोलवायची आणि मग एकमेकांना विचारत बसायची. एकदाच एका मुलीने हिंमत केली. कोनादू तिचं नाव, शेडमधली एकुलती एक मुलगी. चेहऱ्याचा रंग कसा मिसळायचा ते मास्टरने सकाळी दाखवलं होतं. दुपारी ती म्हणाली, “मास्टर, ते पिवळ्याचं पुन्हा एकदा सांगता?”

मास्टरने ब्रश खाली ठेवला आणि सगळ्यांना ओरडून सांगितलं, “अरे, ऐका रे! हिच्या डोक्याला भोक आहे. इकडून ओतलं की तिकडून गळतं!”

पोरं खदखदा हसली. दुसऱ्या दिवसापासून कोनादूच्या हातात ब्रशाऐवजी झाडू आला, आणि तो बरेच महिने सुटला नाही. त्यानंतर तिने त्याला कधी काही विचारलं नाही. झाडू मात्र फार सावकाश मारायची. झाडता झाडता सगळं बघून घ्यायची, आणि शेवटी शिकलीच. मास्टर लोकांना सांगायचा, “बघा, माझ्या शिस्तीने शिकली.”

मग फ्लेक्स आलं. पहिल्यांदा देवळात, म्हणजे चर्चमध्ये हो, पाद्र्याचा हसरा फोटो टांगला गेला, माणसापेक्षा मोठा. मास्टर बघून आला आणि म्हणाला, “प्लास्टिक! दोन पावसाळ्यांत पांढरं पडेल.” पडलंही. पण तोवर पाद्र्याने दुसरं छापून घेतलं होतं, एका दुपारीत. मग न्हाव्याने पाटी उतरवली. मग कोंबडीवालीने. ट्रोट्रोवाले चिकटपट्ट्या आणून लावायला लागले. शेडमधली पोरं एकेक करून गेली, कुणी भाड्याची दुचाकी चालवायला, कुणी सोन्याच्या खाणीवर. मास्टर रोज सकाळी शेड उघडायचा, ब्रश टर्पेंटाइनमध्ये बुडवायचा, पुसायचा आणि परत ठेवायचा. घरातली चूल पेटायची ती त्याच्या बायकोच्या, मान्साच्या, केंकीवर. ती पहाटे मक्याचं पीठ थापून पानांत बांधायची आणि स्टँडवर विकायची. तोंडाची मोठी तिखट बाई. “मास्टर,” ती म्हणायची, “शेपटीचं कालवण होत नाही हो.”

असं चाललेलं असताना एके दिवशी कोनादू शेडपाशी आली. मधल्या वर्षांत ती कुमासीत कॉम्प्युटर शिकली होती, मशीन घेऊन परत आली होती आणि मोठ्या रस्त्यावर तिचं छपाईचं दुकान धो धो चालत होतं. तरी बाईने दारात चपला काढल्या, पूर्वी काढायची तशाच.

“मास्टर, मला हात कमी पडतायत. तुम्ही याल का? अक्षर कुठे कसं बसतं ते तुमच्याइतकं कुणाला कळत नाही.”

बोलण्याची रीत बघा. नोकरी देते आहे असा वासही येऊ दिला नाही. मास्टरने आढेवेढे घेतले, विचार करून सांगतो म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी तिच्या आधी दुकानापाशी उभा. गावाला मात्र त्याने वेगळंच सांगितलं. “देखरेखीला जातो. पोरीला एकटीला झेपत नाही.” आम्ही हो हो म्हटलं आणि पाठ वळल्यावर हसलो. खोटं कशाला बोलू! डोन्कोर शिंपी तर समोरच विचारायचा, “मास्टर, देखरेख करता की पंख्याखाली वारा खाता?”

कोनादू त्याला शटर ओढून घेतल्यावर शिकवायची, म्हणजे कुणी बघायला नको. तेवढं भान तिला होतं. मास्टर जुनी फाइल उघडायला शिकला, नाव बदलायला शिकला, फोटो बदलायला शिकला. लग्न, बारसं, प्रार्थनासभा, एवढ्यावर भागायचं. एका संध्याकाळी तिने मागचा रंग कसा बदलायचा ते दाखवलं. बाण इकडून तिकडे गेला, एक खिडकी उघडली, दुसरी मिटली आणि निळ्याचं हिरवं झालं. मास्टरला काही म्हणजे काही कळलं नाही.

“कळलं?” कोनादूने विचारलं.

“हं.”

“पुन्हा दाखवू?”

“मी काय आंधळा आहे?” मास्टर म्हणाला.

कोनादूने मशीन बंद केलं. तो घरी निघाला, पण वाटेत त्याचे कान गरम झाले होते. त्याच्या शेडमध्ये पोरं कशा माना डोलवायची ते त्याला आठवलं. मग त्याने ते आठवणं सोडून दिलं.

आफ्रिये गेली ती त्याच सुमारास. शिवणकाम करायची, पोकुआ म्हातारीची धाकटी लेक, तिशी नुकतीच ओलांडली होती. पोटात दुखतंय म्हणून दुपारी आडवी झाली आणि दोन दिवसांत संपली. सगळं गाव हळहळलं. मास्टरला तर जास्तच लागलं, कारण तिने दुकान टाकलं तेव्हा पाटी त्यानेच रंगवली होती. मान वाकडी करून हसणारी आफ्रिये आणि हातात कात्री. “मास्टर, माझे दात एवढे मोठे आहेत का?” ती म्हणाली होती. “आहेत,” मास्टर म्हणाला होता. मग ती आणखीच हसली होती.

मातीचा मोठा विधी शनिवारी होता. भिंतींवर लावायचे निधनाचे कागद कोनादूने आधीच छापून दिले होते. पण शुक्रवारी सकाळी घरच्यांचा निरोप आला की आक्राचे नातेवाईक मंडपात मोठा बॅनर हवाच म्हणतायत. कोनादू तेव्हा शाई आणायला कुमासीला निघाली होती. फोटो मशीनमध्ये टाकून ठेवला आणि निघता निघता म्हणाली, “मास्टर, तुम्ही कराल ना? तरण्या माणसांच्या मातीचे जुने बॅनर आत वेगळे ठेवलेत, लाल-काळे. त्यातला एक उघडा, नाव बदला, फोटो बदला. झालं.”

“जा गं. मला शिकवू नकोस,” मास्टर म्हणाला.

ती गेली. मास्टर बसला. ते ‘आत वेगळे’ म्हणजे नेमकं कुठे आत, हे त्याला सापडेना. एक कप्पा उघडला तर त्यात नुसत्या नवऱ्या. दुसरा उघडला तर शाळेची बक्षिसं. पडद्यावर समोर एकच मातीचा बॅनर होता, कालच झालेला, नव्वदी ओलांडून गेलेल्या एका आजीबाईंचा. पांढरा शुभ्र, सोनेरी अक्षरं, वरच्या दोन कोपऱ्यांत उडणारी कबुतरं, आणि मधोमध ‘आयुष्याचा आनंदसोहळा’. आजीबाईंना ते शोभून दिसत होतं. भरल्या घरातून, पणतू खेळवून गेल्या. पण तरणं माणूस जातं तेव्हा लाल आणि काळं. तिथे पांढरं लावणं म्हणजे गेली ते बरं झालं म्हणण्यासारखं. आमच्याकडे शेंबड्या पोरालाही हे कळतं, मास्टरला कळत नव्हतं असं कोण म्हणेल!

त्याने तोच बॅनर उघडला. नाव बदललं. फोटो बदलला. आफ्रिये मान वाकडी करून हसायला लागली. मग रंग बदलायला गेला, तर मागचं पांढरं तसंच राहिलं आणि तिचा चेहराच लालभडक झाला. मास्टर दचकून खुर्चीत मागे सरकला. कसंबसं ते पुसलं. पुन्हा केलं, पुन्हा चेहरा लाल.

तेवढ्यात फोन वाजला. कोनादूच.

“मास्टर, झालं का? काही अडलंय का?”

आता बघा. फोन कानाला, माणूस पलीकडे, आणि तीही आपणहून विचारते आहे. एवढंच म्हणायचं होतं की बाई, ते रंगाचं पुन्हा एकदा सांग. वाक्य त्याच्या तोंडापर्यंत आलं. आणि त्याच्यामागून शेडमधली ती पोरं आली, खदखदा हसणारी, आणि झाडू घेऊन उभी असलेली ती मुलगी आली.

“काय अडायचंय?” मास्टर म्हणाला. “होत आलं.”

फोन ठेवल्यावर त्याला एक युक्ती सुचली आणि ती सुचल्याबरोबर त्याचा जीव हलका झाला. त्याने बॅनर आहे तसा पांढराच छापला. शेडमधून लाल आणि काळ्या ऑइल पेंटचे डबे आणले, आपले ब्रश आणले आणि दुकानामागच्या ओट्यावर बॅनर पसरला. किती दिवसांनी हातात ब्रश होता! फोटोच्या कडेने, नावाच्या एकेका अक्षराच्या आतबाहेरून त्याने लाल भरलं, रेघ कुठे हलली नाही. कबुतरं बुजवली. ‘आनंदसोहळा’ बुजवला. त्यावर काळ्याने ‘काळाचा घाला’ लिहिलं, आणि हाताच्या सवयीने शेवटच्या अक्षराला शेपटी काढली. कडक ऊन होतं, संध्याकाळपर्यंत वरून वाळलं. मंडप ठोकणारे एजिसूहून आले होते, त्यांनी दोऱ्या बांधता बांधता विचारलं, “बाबा, कुठल्या मशीनवर छापलंत हो? रंग काय उठलाय!”

“आमच्याच,” मास्टर म्हणाला. आणि घरी जाताना, लाज वाटते सांगायला, पण तो शीळ घालत गेला.

फ्लेक्सला त्याने आयुष्यात कधी ब्रश लावला नव्हता. रागाने लावला नव्हता. लावला असता तर कळलं असतं की त्यावर ऑइल पेंट धरत नाही.

शनिवारी मंडप भरला. खुर्च्यांच्या रांगा, लाल-काळी कापडं, ढोल, कर्ण्यावर कुणीतरी रडत रडत बोलतंय. आलेली माणसं रीतीप्रमाणे उजवीकडून डावीकडे रांगेने हात मिळवत फिरत होती. मास्टर तिसऱ्या रांगेत बसला होता, शेजारी डोन्कोर शिंपी. कोनादू पलीकडे बायकांत होती, कुमासीहून ती आदल्या रात्री फार उशिरा आली होती, बॅनर तिने जवळून पाहिला नव्हता. पोकुआ म्हातारी उठली, बॅनरपाशी गेली आणि लेकीच्या फोटोवरून हात फिरवत उभी राहिली. फिरवता फिरवता हात कडेला लागला. मग तिने त्याच हाताने कपाळ धरलं. कपाळावर लाल डाग उमटला. सुतकात जवळची माणसं लाल माती लावतात, तीच असेल असं आम्हाला वाटलं. मास्टरला तसं वाटलं नाही. त्याने तो रंग ओळखला.

दुपारचा वारा सुटला. बॅनर फडफडायला लागला, आणि फडफडता फडफडता लाल रंगाला चिरा गेल्या. पहिली खपली प्रमुखाकडून आलेल्या माणसाच्या खांद्यावर पडली. त्याने ती झटकली आणि वर बघितलं. मग सगळ्यांनीच वर बघितलं. कोपऱ्यातून एका कबुतराचा पंख निघाला. मग आख्खं कबुतर. मग ‘काळाचा घाला’ मधोमध फाटला, त्याचं भलंमोठं सालपट लोंबलं आणि गळून पडलं, आणि खालून सोनेरी अक्षरांत ‘आनंदसोहळा’ वर आला, हसऱ्या आफ्रियेच्या डोक्यावर.

ढोल थांबले. कर्णा तेवढा खरखरत राहिला.

“अगं बाई!” कुणीतरी किंचाळलं. “जुना बॅनर रंगवून दिलाय! कुठल्यातरी म्हातारीच्या मातीतला!”

बस, एवढं पुरे झालं. ज्याच्या त्याच्या तोंडी तेच. मेलेल्या पोरीला दुसऱ्याचं उतरवलेलं घातलं. पैसे नव्याचे घेतले. आफ्रियेच्या आईचा भाऊ, कुळाचा वडीलधारा, त्याला सगळे ओपानिन म्हणतात, तो उभा राहिला. स्वतः बोलला नाही, वडीलधाऱ्याने थेट बोलायची आमच्याकडे रीत नाही; त्याच्या वतीने बोलणाऱ्याने विचारलं, “ओपानिन विचारतात, हे कुणी केलं?”

कोनादू बॅनरकडे बघत होती. त्या उरलेल्या शेवटच्या अक्षराकडे, आणि त्याच्या शेपटीकडे. तिने मान वळवून तिसऱ्या रांगेकडे एकदा बघितलं. एकदाच. मास्टरने नजर खाली घातली.

मग ती उठली. चपला काढल्या, मंडपाच्या मधोमध गेली आणि गुडघे टेकले. “दुकान माझं आहे,” ती म्हणाली. “चूक माझी आहे. पदरात घ्या.”

मास्टरने खुर्चीचा हात धरला. उठतो, असं तो मनात म्हणाला. आता उठतो. बसूनच राहिला. शेजारून डोन्कोर त्याच्या कानाशी लागला.

“बघा मास्टर, हल्लीच्या पोरी! तुमच्या हाताखाली राहिली असती तर हे झालं असतं का?”

आणि मास्टर म्हणाला, “हं.”

हे मात्र मी त्याला विसरू देणार नाही. गप्प बसला ते एक वेळ समजू शकतं, माणूस घाबरतो. पण तो ‘हं’ म्हणाला.

बॅनर काढून गुंडाळला गेला. विधी कसाबसा पुढे सरकला. मंडप सुटायच्या आत दोन घरांनी कोनादूला दिलेली कामं परत मागितल्याची बातमी फिरली होती.

घरी मान्साने जेवण वाढलं. मास्टरने फुफूच्या गोळ्याला हात लावला आणि मान्साची नजर त्याच्या हातावर थांबली.

“नखं लाल कशानं झालीत?”

मास्टरने हात रश्शात बुडवला, जणू तिथे लपेल.

मान्साने पळी खाली ठेवली. मग ती हळू आवाजात म्हणाली, “मग ती पोरगी कुणासाठी गुडघ्यावर बसली हो?” टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं. त्याने ताट सरकवलं आणि उठला.

रविवारी सकाळी तो दुकानावर गेला. कोनादू ओट्यावर उकिडवी बसून टर्पेंटाइनच्या फडक्याने त्या बॅनरवरचा रंग पुसत होती, फोटो तरी त्या आईला कापून देता येईल म्हणून. मास्टर उभा राहिला.

“कोनादू, ते मी केलं.”

“माहीत आहे, मास्टर.”

“काल सांगितलं का नाहीस?”

ती फडकं पिळत राहिली. “मी कसं सांगू? सांगायचं तुम्हाला होतं.”

“मला रंग बदलता आला नाही.”

“मी फोन केला होता.”

“हो.”

“काही अडलंय का म्हणून विचारलं होतं.”

“हो गं, हो!” मास्टरचा आवाज फाटला. “तुला विचारायचं कसं? तुला? मी तुझ्या हातात झाडू दिला होता!”

कोनादूने वर बघितलं. तिचे डोळे भरले होते, पण रागाने की कशाने ते त्याला कळलं नाही. “तो झाडू मी विसरले नाही,” ती म्हणाली. “पण तुम्ही पुन्हा विचारलं असतं तर मी हसले नसते. एवढंही तुम्हाला माझ्याबद्दल माहीत नाही, मास्टर?”

तो ओट्याच्या कडेला बसला. मग म्हणाला, “त्यांच्याकडे जायचंय. एकटा गेलो तर दारात उभं करणार नाहीत. तू माझ्यासाठी बोलशील का?”

आमच्याकडे क्षमा मागायला माणूस एकटा जात नाही. ज्याचा शब्द खाली पडणार नाही असं कुणीतरी पुढे असावं लागतं. आणि मास्टरने कुणाला पुढे घातलं, तर ज्या बाईच्या नावाला त्यानेच काळं फासलं होतं तिला. त्यालाही ते कळत होतं. पण दुसरं कुणी उरलं नव्हतं. कोनादूने हात पुसले, जाताना वाटेत क्षमेसाठी द्यायची जिनची बाटली घेतली आणि ती पुढे चालायला लागली.

पोकुआच्या अंगणात प्रार्थना उरकून सगळं कूळ बसलं होतं. डोन्कोरही होता, तो कुठे नसतो? कोनादूने चपला काढल्या, बाटली पुढे ठेवली आणि म्हणाली, “माझ्या मास्टरना काही सांगायचं आहे. माझ्यासाठी ऐकून घ्या.” मास्टरने क्षमा मागणाऱ्याच्या रीतीने खांद्यावरचं कापड कमरेपर्यंत उतरवलं आणि उघड्या खांद्यांनी उभा राहिला. त्याने सगळं सांगितलं. कबुतरांचं, ऑइल पेंटचं, कोनादूला यातलं काहीच माहीत नव्हतं हे, बॅनर जुना नव्हता हे. डोन्कोरकडे बघून सांगितलं, “आणि काल तू बोललास तेव्हा मी हं म्हणालो. तेही खोटं.”

वतीने बोलणाऱ्याने विचारलं, “ओपानिन म्हणतात, रंग बदलता येत नव्हता, तर विचारलं का नाही?”

“विचारलं होतं एकदा,” मास्टर म्हणाला. “म्हणजे तिने दाखवलं होतं एकदा. मला कळलं नाही. दुसऱ्यांदा विचारायची लाज वाटली.”

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. मग आणखी दोघं. मास्टर उभा राहिला. त्याने ते हसू अंगावर घेतलं, आणि ते अगदी तसंच होतं, शेडमधल्या पोरांचं होतं तसंच.

ओपानिनने बाटली उचलली, म्हणजे क्षमा झाली. कोनादूच्या दुकानाचं नाव साफ झालं हे भर अंगणात बोलून दाखवलं गेलं, आणि डोन्कोर आहे म्हटल्यावर ते संध्याकाळच्या आत गावभर होणार होतं. सगळं रीतीप्रमाणे झालं. पण पोकुआ म्हातारी जागची हलली नव्हती. तिच्या कपाळावरचा तो लाल डाग अजून पूर्ण गेला नव्हता. ऑइल पेंट पाण्याने जात नाही.

“मास्टर,” ती म्हणाली, “माझ्या आफ्रियेला तू रंगवलंस. तिचे दात केवढे ते तुला माहीत होतं. तुला माझी पोर माहीत होती.” तिने कपाळावरचा डाग चोळला. “तिच्यासाठी एकदा विचारायचंस रे. तुझी लाज माझ्या पोरीपेक्षा मोठी होती?”

त्या शुक्रवारी तरी मोठी होती. तो वाकला, तिच्या पायाशी हात टेकला. तिने पाय मागे घेतले नाहीत, पण हातही पुढे केला नाही.

सोमवारी दुकानात गर्दी होती. डोन्कोर मुद्दाम टेकून उभा होता, स्टँडवरची माणसं होती, आणि बाप गेलेला एक माणूस बॅनर सांगायला आला होता. शटर सताड उघडं. कोनादू मशीनसमोर बसली आणि तिच्या हाताची सवय म्हणून काम स्वतःच करायला लागली. मास्टर खुर्ची ओढून शेजारी येऊन बसला.

“थांब,” तो म्हणाला. “मी करतो. ते रंगाचं मला पुन्हा दाखव.”

कोनादूने बाण फिरवला, खिडकी उघडली, पांढऱ्याचं लाल झालं. तिने ते परत पांढरं केलं आणि माउस त्याच्या हाताखाली सरकवला. मास्टरने फिरवला. खिडकी भलतीच उघडली. डोन्कोर खाकरला.

मास्टरचे कान तापले होते, मान तापली होती. नखांच्या कडांना अजून लाल होतं. त्याने कुणाकडे बघितलं नाही.

“नाही आलं,” तो म्हणाला. “पुन्हा एकदा.”